कुठलं वडगाव?

रात्रीचे पावणेतीन वाजले होते. सर्व्हर रूममध्ये वैशाखातही माघ असतो, म्हणून स्वेटर घालून मी रॅकसमोर उकिडवा बसलो होतो. हातात नुकतीच बाहेर ओढलेली डिस्क. ती अजून कोमट होती आणि तिच्या आतली तबकडी पुरती थांबली नव्हती. चालती डिस्क हातात घेतली की ती भोवऱ्यासारखी मनगटाला एका अंगाला वळवू पाहते. ते वळण हाताला जाणवलं तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती की ही डिस्क धडधाकट असू शकते. पण मी पंचविशीत होतो आणि हातात तक्रारीचं टिकीट होतं. टिकिटावर स्वच्छ लिहिलं होतं : ‘एसडीबी’वर वाचनदोष, डिस्क बदला. रॅकच्या दारावर चिकटपट्टीनं लावलेल्या कागदावरही स्वच्छ लिहिलं होतं : वरची ए, खालची बी. मी खालची काढली.

एका कंपनीच्या हिशेबाचा तो सर्व्हर. दोन डिस्क, दोन्हींवर तोच मजकूर. एक गेली तर दुसरी सांभाळून घेणार. पाच मिनिटांत पडद्यावर लाल ओळी धावायला लागल्या. मी चांगली डिस्क काढून घेतली होती आणि सगळा भार आजारी डिस्कवर टाकला होता. पुढच्या दहा मिनिटांत यंत्रानं लिहिणंच बंद केलं. घाबरून काकांना फोन लावला. काका म्हणजे आमचे वरिष्ठ. सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणायचं. झोपेतल्या आवाजात त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

“अरे, पण कुठलं वडगाव?”

मला वाटलं, काका अजून झोपेतच आहेत.

०००

त्या प्रश्नाचा अर्थ सकाळी चहावर कळला. पुणे जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. ‘वडगावला उतरायचंय’ असं म्हटलं की कंडक्टर आधी तुमच्याकडे बघतो. वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी की वडगाव मावळ? कोल्हापूरकडचा असाल तर पेठ वडगाव. नुसतं नाव म्हणजे पत्ता नव्हे, हे आपल्या गावांना कधीच कळलेलं आहे. म्हणून तर थोरल्याला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द म्हणायची पद्धत पडली. दोन्ही शब्द फारसीतून आले आणि इथल्या मातीत इतके मुरले की परके वाटत नाहीत.

पोस्ट खात्यालाही हाच घोळ निस्तरायचा होता. एकाच नावाची गावं देशभर विखुरलेली, त्यात भाषा आणि लिप्या अनेक. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारे. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. ४ म्हटलं की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन थेट पोस्ट ऑफिस. ४११०३० एवढं लिहिलं की पाकीट सदाशिव पेठेच्या वाटेला लागतं. मोठ्याकडून लहानाकडे, एकेक पायरी उतरत.

सर्व्हरच्या पोटातलं पत्तेकाम याच चालीचं असतं.

लिनक्स या कार्यप्रणालीवर डिस्कला एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावं मिळतात. ती दवाखान्यातल्या टोकनसारखी असतात. जो आधी आला त्याला ए, मग आला त्याला बी. यंत्र सुरू होताना ज्या क्रमानं डिस्क सापडतात त्या क्रमानं अक्षरं वाटली जातात, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं की टोकनवाटपही नव्यानं होतं. आमच्याकडे त्या दिवशी दुपारी कुणीतरी बॅकअपसाठी बाहेरची यूएसबी डिस्क जोडली होती आणि तशीच ठेवली होती. संध्याकाळी सर्व्हर रीस्टार्ट झाला. मोठा डिस्क-कंट्रोलर डोळे चोळत उठेपर्यंत यूएसबी पाहुणीनं रांगेत पुढे घुसून ‘ए’ पटकावलं. वरची डिस्क झाली बी, खालची सी. टिकिटामागचा लॉग, म्हणजे यंत्राची रोजनिशी, खरं बोलत होता. दारावरचा कागदही तो लिहिला गेला त्या दिवसापुरता खरा होता. फक्त दोघं वेगवेगळ्या वडगावांबद्दल बोलत होते.

०००

ही कटकट जुनी आहे आणि तिच्यावरचा सर्वांत देखणा इलाज माझ्या मते सन मायक्रोसिस्टिम्सच्या यंत्रांत होता. १९८२ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही कंपनी. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. सनची यंत्रं चालू केली की कार्यप्रणाली जागी होण्याआधीच एक छोटा प्रोग्रॅम सगळं घर फिरून यायचा आणि कुठल्या खोलीत काय आहे याचं झाड रचायचा. मिच ब्रॅडली यांनी हे काम उभं केलं. फोर्थ या चिमुकल्या भाषेत लिहिलेली ही व्यवस्था १९८९च्या स्पार्कस्टेशन १पासून यंत्रांत आली आणि १९९४ साली आयईईई १२७५ या क्रमांकाचं प्रमाण झाली. तिला ओपन फर्मवेअर म्हणतात. हाताशी काही नसेल तेव्हा पडद्यावर फक्त ‘ओके’ एवढं दोन अक्षरांचं उत्तर देऊन ती तुमची वाट बघत बसायची.

या झाडातला प्रत्येक भाग मुळापासून फांदीपर्यंतच्या वाटेनं ओळखला जातो. व्ही२४० या मध्यम सर्व्हरच्या लॉगमध्ये येणारी ओळ घ्या. पडद्यावर ती रोमन अक्षरांत असते, इथे देवनागरीत उतरवतो :

/पीसीआय@१सी,६०००००/स्कझी@२/एसडी@१,०

पहिल्यांदा बघणाऱ्याला हे पोपटानं कीबोर्डवर चालून गेल्यासारखं वाटतं. पण प्रत्येक तिरक्या रेघेशी एक दार उघडतं. पहिलं दार : १सी,६००००० या पत्त्यावरचा पीसीआय पूल, म्हणजे प्रोसेसरकडून कार्डांकडे जाणारा हमरस्ता. दुसरं दार : त्या रस्त्यावरचं २ क्रमांकाचं उपकरण, स्कझी कंट्रोलर. तिसरं दार : त्या कंट्रोलरच्या वाड्यातलं १ नंबरचं बिऱ्हाड, तिथली डिस्क. स्वल्पविरामानंतरचं ० म्हणजे त्या बिऱ्हाडातली खोली. ‘अॅट’च्या आधी आडनाव, नंतर घरनंबर. व्ही२४०च्या पुढच्या बाजूला डिस्कच्या चार खाचा असतात, शून्यापासून तीनपर्यंत. तेव्हा ही दुसरी खाच. शून्यापासून मोजायचं, हे विसरलात तर चुकलात.

हीच डिस्क ‘सी१टी१डी०’ या नावानंही वावरते : कंट्रोलर १, टार्गेट १, डिस्क ०. ड्रायव्हर तिला ‘एसडी१’ म्हणतो. एकाच माणसाचं पाळण्यातलं नाव, शाळेतलं नाव आणि गल्लीतलं नाव असावं तसं. या नावांचा मेळ घालायला सोलॅरिस या सनच्या कार्यप्रणालीत एक नोंदवही असायची : पूर्ण वाट, तिला दिलेला क्रमांक आणि ड्रायव्हरचं नाव, अशी एकेक ओळ. एकदा दिलेला क्रमांक त्या वाटेसाठीच राखून ठेवायचा, मग यंत्र कितीदाही बंद-चालू होवो. गावकामगार तलाठ्याच्या दप्तरासारखी ती फाइल. तिच्यात हातानं खाडाखोड करू नये, असं जुने लोक नव्यांना दम देऊन सांगत.

लॉगमधली वाट सांगितल्यावर खालच्या ओळी तब्येत सांगतात. कुठली आज्ञा फसली, वाचायची की लिहायची. कितवा ब्लॉक मागितला होता. दोष पुन्हा प्रयत्न करण्यासारखा आहे की निर्णायक. आणि डिस्कचा सिरियल नंबर. अनुभवी माणूस आधी वाट वाचतो आणि मग आजार. एकाच बिऱ्हाडातून तक्रार येत असेल तर डिस्क दोषी. वाड्यातली सगळीच बिऱ्हाडं एकदम ओरडायला लागली तर डिस्कना हात लावायचा नाही, वाड्याचं दार बघायचं : केबल, कंट्रोलर, वीजपुरवठा. ज्या पायरीपर्यंत सगळ्या तक्रारींची वाट एकच आहे, त्या पायरीवर संशय घ्यायचा. चार चांगल्या डिस्क बदलून शेवटी सैल केबल सापडल्याचे किस्से या धंद्यात पैशाला पासरी आहेत.

०००

या पत्त्यांमधला खरा खड्डा आकड्यांत आहे. ते दशमान नसतात, सोळाच्या पटीत मोजतात. शून्य ते नऊ झालं की ए, बी, सी, डी, ई, एफ आणि मग ‘१०’. म्हणजे इथला दहा हा आपला सोळा. नव्या मुलांना हे जड जातं. माझ्या आजीला गेलं नसतं. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे येईपर्यंत तिनं सोळा आण्यांचा रुपया मोजला होता. पंधरा आण्यांत एक आणा मिळवला की आण्याच्या घरात शून्य आणि रुपयाच्या घरात एक, हा हातचा तिच्या बोटांवर होता.

हातचा चुकला तर काय होतं, हे सनच्या सन फायर ६८०० या मोठ्या यंत्रावर छान दिसतं. कपाटाएवढं यंत्र. त्यात प्रोसेसरच्या सहा पाट्या, एसबी० ते एसबी५, आणि प्रत्येक पाटीवर चार प्रोसेसर. क्रमांक सरळ वाटलेले : पहिल्या पाटीला ० ते ३, दुसरीला ४ ते ७, असं करत सहावीला २० ते २३. चोवीस प्रोसेसर संपले की २४पासूनचे क्रमांक आय-ओच्या चार पेट्यांना, आयबी६ ते आयबी९, प्रत्येकी दोन. कुठलाही तक्ता नको, भागाकार पुरतो.

आता समजा, लॉगमध्ये ओळ आली :

/एसएसएम@०,०/एसयूएनडब्ल्यू,अल्ट्रास्पार्क-३@१०,०

घाईत वाचणारा म्हणेल दहा. दहाला चारनं भागा : भागाकार दोन, बाकी दोन. म्हणजे एसबी२ पाटीवरचा २ नंबरचा प्रोसेसर. पण तो दहा नाहीच, तो सोळा. सोळाला चारनं भागा : भागाकार चार, बाकी शून्य. एसबी४ पाटी, ० नंबरचा प्रोसेसर. घाईतला माणूस पाटी चुकला, त्या पाटीवरचे चार निरोगी प्रोसेसर आणि त्यांची मेमरी बाहेर काढून बसला, आणि आजारी प्रोसेसर आत तसाच. तसंच ‘पीसीआय@१८’ असं दिसलं तर तो अठरा नव्हे, चोवीस. म्हणजे आयबी६ पेटी. ‘@बी,०’ दिसलं तर मात्र कुणी चुकत नाही. अक्षर दिसलं की माणूस सावध होतो. फसवतात ते आपल्यासारखे दिसणारे आकडे.

सोलॅरिस १०मध्ये, २००५ साली, हे भागाकार यंत्रानंच करून द्यायला सुरुवात केली. दोषांच्या नोंदी गोळा करायच्या, त्यांतून निदान काढायचं आणि बदलायचा भाग थेट त्याच्यावरच्या लेबलच्या नावानं सांगायचा, अशी ती सोय. २०१०मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली. पण ते झाड मात्र जगलं. त्याचंच आटोपशीर रूप आजच्या अँड्रॉइड फोनच्या आत असतं. तुमच्या खिशातल्या फोनलाही सुरू होताना आपल्या अंगात कुठे काय आहे हे त्या झाडावरूनच कळतं.

०००

या लेखासाठी परवा नवी मुंबईत गेलो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात एकेकाळी रासायनिक कारखान्यांचा वास यायचा. आता तिथे खिडक्या नसलेल्या उंच इमारती उभ्या आहेत आणि आतून सतत घुमल्यासारखा आवाज येतो. फोन लॉकरमध्ये, बोटाचा ठसा, दोन दारं. आत रॅकच्या गल्ल्या. रॅक एकोणीस इंची रुंदीचे, बेचाळीस मजल्यांचे, प्रत्येक मजला पावणेदोन इंचांचा. एका गल्लीत थंडी, तिच्या पाठीमागच्या गल्लीत केस वाळवायच्या मशीनसमोर उभं राहिल्यासारखी ऊब.

मला फिरवणारी इंजिनियर मुलगी साताऱ्याकडची होती. नाव छापायचं नाही, या अटीवर तिनं त्या दिवशीचं एक टिकीट दाखवलं. डिस्कचं नव्हतं, मेमरीचं होतं. ओळ साधारण अशी : मेमरी कंट्रोलर शून्य, चॅनल एक, डिम शून्य, सुधारलेली चूक एक. डिम म्हणजे मेमरीची पट्टी.

“सुधारलेली चूक आहे, मग टिकीट कशाला?” मी मुद्दाम विचारलं.

“सर, एकदा ठेच लागली तर आपण बघत नाही. रोज त्याच दगडाला लागायला लागली की दगड काढायचा.”

सर्व्हरची मेमरी स्वतःच्या चुका दुरुस्त करते, त्यामागे रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाची चिडचिड आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस बेल लॅब्जमध्ये त्याला शनिवार-रविवारी यंत्र वापरायला मिळायचं. देखरेखीला कुणी नसायचं, चूक सापडली की यंत्र ते काम सोडून पुढच्याला लागायचं आणि सोमवारी याच्या हाती काहीच नसायचं. चूक झाली हे यंत्राला कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये, या प्रश्नातून १९५०मध्ये त्याचा शोधनिबंध आला. त्या युक्तीतली गंमत अशी की तपासणीच्या उत्तरातून निघणारी संख्या हाच चुकलेल्या बिटचा पत्ता असतो. उत्तर पाच आलं तर पाचवा बिट उलटा करा. लॉगमधल्या वाटेचं हे सर्वांत लहान भावंड.

गूगलच्या सर्व्हरांवरच्या अडीच वर्षांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाकाठी सुमारे एक तृतीयांश यंत्रांत आणि आठ टक्क्यांहून अधिक मेमरी-पट्ट्यांत निदान एक तरी सुधारलेली चूक त्यात आढळली होती. म्हणजे अशी ओळ येणं ही नवलाई नाही. ती कुठल्या पट्टीची, हे ठरवणं हे काम.

आणि तिथेच पुन्हा वडगाव येतं. कार्यप्रणाली म्हणते ‘चॅनल एक, डिम शून्य’. बोर्डावर छापलेलं असतं ‘बी१’. दोघांमधला दुभाष्या म्हणजे बनवणाऱ्यानं फर्मवेअरमध्ये भरून ठेवलेला तक्ता. तो नीट भरला असेल तर सोनं. आळसानं भरला असेल तर प्रत्येक खाचेपुढे तेच ते मोघम नाव. मग मॅन्युअल उघडायचं, झाकण काढायचं आणि विजेरीच्या उजेडात बोर्डावरची बारीक पांढरी अक्षरं वाचायची. साताऱ्याच्या मुलीच्या गळ्यात ओळखपत्रासोबत भिंग लटकत होतं. “घड्याळजीकडून घेतलंय,” ती म्हणाली.

पत्तासुद्धा अढळ नसतो, हे तिनंच दाखवलं. आजच्या सर्व्हरमधल्या कार्डाचा पत्ता ‘००००:०३:००.०’ असा असतो : प्रांत, बस, उपकरण आणि त्याचं काम. पण बसचे क्रमांक यंत्र सुरू होताना मोजत मोजत दिले जातात. मध्येच नवीन कार्ड बसवलं, त्याच्यावर स्वतःचा पूल असला, की पुढचे सगळे क्रमांक सरकू शकतात. सोसायटीत मधेच एक विंग बांधली आणि पुढच्या विंगांची अक्षरं बदलली, तसं. नेटवर्क कार्डांची ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ ही टोकनं याच कारणानं बेभरवशाची ठरली. २०१३पासून लिनक्समधल्या सिस्टिमडी या व्यवस्थेनं बोर्डावरच्या क्रमांकावरून, खाचेवरून किंवा पीसीआय वाटेवरून नावं द्यायला सुरुवात केली. ‘ईएनओ१’ म्हणजे बोर्डावरचंच पहिलं, ‘ईएनपी३एस०’ म्हणजे बस ३, उपकरण ०. जुने लोक या नावांना अजून शिव्या देतात. साताऱ्याच्या मुलीला ‘ईटीएच०’ म्हणजे आजोबांच्या गोष्टी वाटतात.

डिस्कसाठीही लिनक्समध्ये आता तीन वेगळी दप्तरं असतात. एकात डिस्कची वाट, एकात तिची जन्मखूण म्हणजे मेक, मॉडेल, सिरियल. एकात तिच्यावर लिहिलेल्या फाइलप्रणालीचा आकडा. वाट सांगते कुठे आहे. जन्मखूण सांगते कोण आहे. डिस्क उचलून दुसऱ्या खाचेत घातली तर वाट बदलते, जन्मखूण बदलत नाही. टोकन दोन्ही सांगत नाही, फक्त आज रांगेत कितवी होती ते सांगतं. मी त्या रात्री टोकन घेऊन घर शोधायला निघालो होतो.

०००

“तुम्ही काढायच्या आधी खात्री कशी करता?” मी विचारलं.

तिनं तीन गोष्टी करून दाखवल्या. आधी सिरियल नंबर विचारला आणि शेवटची चार अक्षरं तळहातावर पेनानं लिहिली. मग आज्ञा देऊन त्या खाचेचा शोधदिवा लावला. पन्नासभर हिरव्या ठिपक्यांत एक दिवा वेगळ्या चालीनं लुकलुकायला लागला. तिसरी युक्ती ज्या पेटाऱ्यांना असा दिवा नाही त्यांच्यासाठी. डिस्कला उगाचच वाचायला बसवायचं आणि कुणाचा दिवा फडफडतो ते बघायचं. डिस्क पुरती मेलेली असेल आणि फडफडणारच नसेल, तर उरलेल्या सगळ्यांना एकदम वाचायला बसवायचं. जी अंधारात राहील ती तिची. एवढं झाल्यावर शेजारच्या गल्लीतून तिचा जोडीदार आला. तिनं तळहात वाचला, त्यानं डिस्कच्या कडेचं लेबल वाचलं, मोठ्यानं, एकेक अक्षर. जुळलं. मगच कडी उघडली.

हे बघताना मला आमच्या त्या सकाळचा चहा आठवला. बॅकअपवरून सर्व्हर उभा करायला दुपार झाली होती आणि आदल्या संध्याकाळनंतरच्या नोंदी त्या कंपनीच्या लोकांनी पावत्या बघून हातानं पुन्हा भरल्या होत्या. मला वाटलं होतं काका रॅकवरचा तो कागद फाडतील. त्यांनी फाडला नाही. खिशातलं पेन काढून ‘ए’ आणि ‘बी’ खोडलं. ‘वर’ आणि ‘खाली’ तसंच ठेवलं. दोन्हींपुढे सिरियल नंबर लिहिले, माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेऊन. मग खाली उजव्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख टाकली.

“तारीख कशाला, काका?”

“उद्या कुणी डिस्क बदलेल आणि कागद बदलायला विसरेल. मग हा खोटा ठरेल. कधीपर्यंत खरा होता, तेवढं तरी पुढच्याला कळू दे.”